शब्द लिहून नव्हे, आठवून पाठ होतो

सदर : घरची शाळा



संध्याकाळी दिवेलागणीला परभणी, पूर्णा, जिंतूर, गंगाखेड, कुठल्याही गावी आपल्या वस्तीत चक्कर मारा. दोन घरांआड एखादे लेकरू वही पुढे घेऊन इंग्रजी शब्द लिहिताना दिसेल. 'इम्पॉर्टंट म्हणजे महत्त्वाचा' दहा वेळा, 'डिफिकल्ट म्हणजे अवघड' दहा वेळा. पान भरते. दिवसभर कामावरून दमून आलेली माय समाधानाने म्हणते, "लेकरू अभ्यास करतंय." आणि ते खरोखरच करत असते. पण आठ दिवसांनी तोच शब्द विचारला की ते छताकडे बघत बसते. मग बाप चिडून म्हणतो, "याच्या डोक्यात इंग्रजी शिरतच नाही." हे वाक्य फार घातक आहे. कारण ते चार-पाच वेळा कानावर पडले की लेकरूही तेच खरे मानू लागते, आणि सातवी-आठवीत येईपर्यंत इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसते.

म्हणून या आठवड्यात एवढाच विषय घेऊ की इंग्रजी शब्द लक्षात कसा राहतो. दोष लेकराच्या डोक्याचा नसून आपण धरलेल्या रीतीचा आहे. ही रीत बदलायला क्लासची फी लागत नाही, आणि ज्या माय-बापाला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही त्यांनाही ती घरी चालवता येते.

वाचता येते, पण कळते का?

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे आजचे लेकरू दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकते. दहा वर्षांत काय पदरी पडते? 'प्रथम' या संस्थेचा 'असर' नावाचा अहवाल निघत असतो. २०२३ च्या अहवालासाठी देशातील २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत, ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची तपासणी झाली. शंभरातल्या सुमारे ५७ जणांना इंग्रजी वाक्ये वाचता आली. पण ज्यांना वाचता आली त्यांच्यापैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याला त्या वाक्यांचा अर्थ सांगता आला नाही. म्हणजे वाचून समजणारे शंभरात बेचाळीसच उरले.

उच्चार येणे आणि अर्थ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला नवे नाही. आपल्या लेकरांना त्रिसरण-पंचशील तोंडपाठ असते. त्यांना 'वेरमणी' म्हणजे काय असे विचारून पाहा. ज्या घरात वडीलधाऱ्यांनी बसून अर्थ सांगितला आहे, तेथील लेकरू पटकन म्हणेल, "अलिप्त राहणे." ज्या घरात सांगितला नाही, तेथे नुसता सूर राहतो. आणि दुसरी गोष्ट ध्यानात घ्या. हे पाठ कसे झाले? कोणी वहीत दहा दहा वेळा लिहून घेतले नव्हते. दर पौर्णिमेला, लग्नाला, नामकरणाला, पुण्यानुमोदनाला, दर वेळी थोडे दिवस मध्ये जाऊन ते पुन्हा म्हणावे लागले, म्हणून ते पक्के झाले. इंग्रजी शब्दालाही हाच नियम लागू आहे. अर्थ सांगणारे कोणीतरी हवे आणि थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा गाठ पडायला हवी.

सुभेदार रामजींची शिकवणी

बाबासाहेबांच्या इंग्रजीचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. ती कमाई कशी झाली, हे मात्र कमी सांगितले जाते. त्यांचे वडील रामजी सुभेदार लष्कराच्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते, त्यामुळे शिकवण्याची कला त्यांच्या हाती होती. त्यांनी भिवाकडून घरी हॉवर्ड यांची इंग्रजी पुस्तके करून घेतली आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला शिकवली. ही पाठमाला आजही दुकानात मिळते. तिची रीत सरळ आहे. धड्यात आधी थोडे शब्द, मग त्याच शब्दांची वाक्ये. इंग्रजी वाक्याचे मराठी करायचे आणि मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे. भाषांतर करताना नेमका शब्द कोणता हे वडिलांनी शिकवले, असे पुढे बाबासाहेबांनीच आपल्या आठवणीत सांगितले आहे.

यात दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, शब्द सुटा ठेवला नाही, लगेच वाक्यात वापरून घेतला. दोन, मराठीवरून इंग्रजी करायला लावले. मराठी वाक्य समोर असले की इंग्रजी शब्द पुस्तकातून उचलता येत नाही, आपल्याच डोक्यातून काढावा लागतो. ही डोक्यातून काढण्याची मेहनत हेच खरे पाठांतर. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत हे कुटुंब राहत होते. रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत आणि मग भिवाला अभ्यासाला उठवून आपण झोपत. खोली मोठी नव्हती, पैसा तर नव्हताच. पण घरात कोणीतरी रोज विचारणारे होते.

विसरण्याचा हिशेब

माणूस का विसरतो, याचा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा हेरमान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने केला. त्याने अर्थ नसलेली अक्षरे स्वतःच पाठ केली आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजले. १८८५ साली त्याने ते प्रसिद्ध केले. त्याला आढळले की विसरणे सुरुवातीला फार वेगाने होते, पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसातच मोठा भाग जातो. पुढे हा वेग मंदावतो. आणि एकाच बैठकीत खूप घोकण्यापेक्षा तेच पाठांतर निरनिराळ्या दिवसांवर वाटून केले तर कमी मेहनतीत पक्के होते.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. महिन्याचे पाणी एका दिवसात शेतात सोडले तर काय होईल? वाहून जाईल. तेच पाणी पाळीपाळीने दिले तर पीक येते.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

आता पुन्हा आपल्या लेकराच्या वहीकडे बघा. दहा वेळा लिहिताना पहिल्यांदाच फक्त बघून लिहावे लागते. पुढच्या नऊ वेळा वरची ओळ समोर असतेच, हात आपोआप चालतो. डोके कशाला कष्ट घेईल? त्या संध्याकाळी शब्द येतो, म्हणून आपल्याला वाटते की पाठ झाला. परीक्षा मात्र आठवड्याने, महिन्याने येते.

बुटाच्या खोक्यातली शाळा

आता घरी करायचे काय ते सांगतो. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने कार्डांच्या खोक्याची एक युक्ती सांगितली. ती आपल्या घरात सहज बसते.

चपलेचे किंवा बुटाचे एक रिकामे खोके घ्या. पुठ्ठे लावून त्याचे पाच कप्पे करा. जुन्या लग्नपत्रिका घरोघर पडलेल्या असतात, त्यांच्या कोऱ्या बाजूचे पत्त्याएवढे तुकडे कापा आणि दोन दोन तुकडे पाठीला पाठ चिकटवा. कार्ड तयार. एका बाजूला मराठी अर्थ लिहायचा. दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द स्पेलिंगसह, त्याखाली तोच उच्चार आपल्या देवनागरीत, आणि त्याखाली एक लहानसे वाक्य. उच्चार शाळेतल्या सरांकडून किंवा बाईंकडून तपासून घ्यावा, कारण इंग्रजीत लिहितात एक आणि बोलतात दुसरे. 'नो' म्हणजे जाणणे, या शब्दाच्या सुरुवातीला के हे अक्षर लिहावे लागते पण बोलत नाहीत.

हा देवनागरी उच्चार मायसाठी आहे. माय कार्ड हातात धरते. मराठी बाजू लेकराकडे, इंग्रजी बाजू आपल्याकडे. लेकरू मराठी अर्थ वाचून इंग्रजी शब्द सांगते. माय आपल्या बाजूचे देवनागरी वाचून बरोबर की चूक ते ठरवते. तिला इंग्रजी यावेच लागत नाही. बरोबर आले की लेकराने स्पेलिंग पाटीवर एकदा, न बघता लिहायचे आणि कार्ड पुढच्या कप्प्यात टाकायचे. चुकले तर रागवायचे नाही. बरोबर उत्तर वाचून दाखवायचे आणि कार्ड पहिल्या कप्प्यात परत. मग ते पाचव्या कप्प्यातले असले तरी पहिल्यातच.

पहिला कप्पा रोज काढावा. दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून एकदा, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. पाचव्या कप्प्यातून महिन्याने विचारूनही शब्द आला, तर ते कार्ड वेगळ्या पिशवीत टाका. तो शब्द लेकराचा झाला. रोज पंधरा मिनिटे पुरतात. भाकरी थापताना माय चुलीपुढून मराठी शब्द नुसता तोंडी विचारू शकते.

माय-बाप दोघांनाही वाचता येत नसेल तर? मग दोन लेकरांची जोडी लावा, एकाने धरायचे, दुसऱ्याने सांगायचे. शेजारची सातवीतली पोर आणि आपले पाचवीतले पोर. रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात दहा-बारा लेकरे खोकी घेऊन बसली तर त्याहून चांगले. मोठ्या मुलांनी लहानांची कार्डे विचारावीत. विचारणाऱ्याचाही अभ्यास होतो.

कार्डावर मराठी अर्थ लिहायला कोणी कमीपणा मानू नये. 'इंग्रजी इंग्रजीतूनच शिकले पाहिजे' असे काही लोक सांगतात आणि मराठी शाळेतल्या लेकराला उगाच न्यूनगंड देतात. नवा शब्द पहिल्यांदा समजून घ्यायला आपली भाषा सर्वांत जवळची. पुढे वाक्यात, गोष्टीत, बोलण्यात तो शब्द वारंवार भेटला की मराठीचा आधार आपोआप सुटतो.

कोणते शब्द आधी?

इंग्रजीत लाखो शब्द आहेत. सगळे शिकायचे म्हटले तर जन्म पुरणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२० च्या दशकात ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलांची इंग्रजी पुस्तके तपासताना त्यांच्या लक्षात आले की पुस्तकात नवे शब्द भराभर येतात आणि पुन्हा भेटत नाहीत. म्हणून त्यांनी कमी शब्दांची, तेच शब्द फिरून फिरून येणारी वाचनपुस्तके तयार केली. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार अत्यंत उपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातल्या शंभर शब्दांपैकी साधारण ऐंशी शब्द या दोन हजारांतलेच असतात, असे नंतरच्या मोजणीत दिसले.

हिशेब करा. रोज पाच शब्द, आठवड्यात सहा दिवस, म्हणजे तीस. वर्षातले चाळीस आठवडे धरले तर बाराशे. त्यातले एक-तृतीयांश निसटले असे धरले तरी आठशे उरतात. पाचवी, सहावी, सातवी या तीन वर्षांत चोवीसशे. म्हणजे आठवीच्या उंबरठ्यावर लेकराच्या हाती पाया तयार. दिवसाला पाच म्हणजे पाचच. उत्साहात पहिल्याच दिवशी पन्नास कार्डे केली तर दुसऱ्या आठवड्यात खोके माळ्यावर जाते.

हे शब्द आधी लेकराच्या पाठ्यपुस्तकातले घ्या, बालभारतीचे पुस्तक घरात असतेच. धड्यातला प्रत्येक शब्द घेऊ नका, जो पुन्हा पुन्हा दिसतो तो घ्या. बाहेरचे गोष्टीचे पुस्तक आणायचे असेल तर एक कसोटी सांगतो. कुठल्याही पानावरचे शंभर शब्द मोजा. त्यात न येणारे शब्द पाचापर्यंत असतील तर ते पुस्तक कोणाच्या मदतीने वाचता येईल. दोनापर्यंत असतील तर लेकरू एकटे वाचेल. न्यूझीलंडचे पॉल नेशन आणि इतर संशोधकांच्या अभ्यासातून निघालेले हे ठोकताळे आहेत. त्याहून जास्त शब्द अडत असतील तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेवा.

शेतातले शब्द आपले आहेत

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. आपल्यातले कितीतरी माय-बाप त्याच्या आसपासच्या शिवारात मजुरीला जातात. पण तेथील बी.एस्सी. कृषीचा अभ्यास इंग्रजीतून चालतो. ज्या पोराने लहानपणापासून कपाशी वेचली, तूर कापली, सोयाबीनच्या मळणीला पोती धरली, त्याला या विषयातले अर्धे ज्ञान आधीच असते. तरी पहिल्या वर्षाला वर्गात तो गप्प बसतो, कारण वस्तू त्याची असते पण तिचा इंग्रजी शब्द त्याच्याकडे नसतो. शहरातले पोर, ज्याने बोंड हातात धरलेले नाही, ते धडाधड उत्तरे देते. हे नुकसान मोठे आहे, आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशी खाऊन टाकली, हे आपण विसरलेलो नाही. इंग्रजीत तिला 'पिंक बोलवर्म' म्हणतात. फोड करून बघा. पिंक म्हणजे गुलाबी, बोल म्हणजे बोंड, वर्म म्हणजे अळी. शब्दाला शब्द जुळतो! ही फोड एकदा सांगितली तर लेकरू विसरणार नाही. तुरीला 'पिजन पी', म्हणजे कबुतराचा वाटाणा. ज्वारीला 'सोरघम', करडईला 'सॅफ्लावर', निंदणीला 'वीडिंग'. मळणीचे यंत्र आले की आपण 'थ्रेशर' म्हणतोच, त्यातूनच 'थ्रेश' म्हणजे मळणे. फवारणीच्या पंपाला 'स्प्रे पंप' म्हणतो, तर 'स्प्रे' म्हणजे फवारणे.

असे कितीतरी इंग्रजी शब्द आपल्या तोंडात रोज असतात. एसटीचे स्टँड, तिकीट, कंडक्टर, बँकेचे पासबुक, दवाखान्यातले इंजेक्शन, मोबाईलचा चार्जर, मोटारीचा फ्यूज. लेकराला सांगा, 'तुला इंग्रजीचा एकही शब्द येत नाही' हे खोटे आहे, तुला आधीच शेकड्याने येतात. फक्त काही शब्दांचा अर्थ आपल्याकडे येऊन बदलला आहे, तेवढे सांभाळायचे. आपण चहाच्या टपरीलाही हॉटेल म्हणतो, इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपण 'लाइट गेली' म्हणतो, इंग्रजीत तिथे 'पॉवर' म्हणतात. आणि इंग्रजीनेही आपल्याकडून घेतले आहे. त्यांचा 'मंगूस' हा आपल्या मराठी मुंगसावरूनच गेलेला आहे. देवाणघेवाण सगळ्याच भाषांत चालते, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

एका शब्दाला एकच शब्द नसतो

कार्डावर अर्थासोबत वाक्य हवेच, असे वर म्हटले ते का? आपला 'लागणे' हा शब्द घ्या. भूक लागली, आग लागली, नोकरी लागली, वेळ लागतो. मराठीत चारही ठिकाणी 'लागणे'. इंग्रजीत मात्र 'आय ॲम हंग्री', 'इट कॉट फायर', 'ही गॉट अ जॉब', 'इट टेक्स टाइम'. चार ठिकाणी चार तऱ्हा. लेकराने डिक्शनरीत 'लागणे' शोधून एक शब्द उचलला आणि सगळीकडे चिकटवला तर वाक्याचे हसे होते, आणि ते हसे पोराच्या मनाला लागते.

तसेच 'करणे'. अभ्यास करणे, चूक करणे. आपल्याकडे एकच क्रियापद, इंग्रजीत गृहपाठाला 'डू' आणि चुकीला 'मेक'. आपला विद्यार्थी परीक्षा देतो, इंग्रजीत ती 'टेक' करतात. आपल्याकडे बोलताना 'गिव्ह' सर्रास चालते, पण पेपरात 'टेक' लिहिलेले बरे. म्हणून कार्डावर नुसते 'मेक' लिहू नका. 'मेक अ मिस्टेक, चूक करणे' असा जोडशब्द लिहा. दहावीला मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो. त्यात पत्र असते, स्वतःच्या मनाने लिहायचे उतारे असतात. तेथे सुटे शब्द उपयोगी पडत नाहीत, असे जोडशब्द पडतात.

सारखे शब्द एका दिवशी नकोत

शिकवताना एक चूक सगळीकडे होते. आज सगळे रंग, उद्या सगळे वार, परवा उलट अर्थाचे शब्द, अशा याद्या दिल्या जातात. दिसायला फार व्यवस्थित. पण १९९३ साली थॉमस टिंकम यांनी केलेल्या प्रयोगात दिसले की एका जातीचे, सारख्या अर्थाचे नवे शब्द एकत्र शिकवले तर ते शिकायला जास्त वेळ लागतो. ते एकमेकांत मिसळतात. 'लेफ्ट' आणि 'राइट' एकाच दिवशी शिकलेले लेकरू पुढे कित्येक दिवस डावे-उजवे यात गोंधळते. 'बॉरो' आणि 'लेंड' यांचे तसेच, आपल्याकडे घेतले तरी उसने आणि दिले तरी उसनेच. म्हणून आज फक्त 'लेफ्ट' शिकवा. तो तिसऱ्या कप्प्यात गेला की मग 'राइट' आणा.

त्यापेक्षा एका प्रसंगातले शब्द एकत्र घ्यावेत. बाजाराचा दिवस घेतला तर पिशवी, विकत घेणे, महाग, वजन, परत. हे शब्द एकमेकांसारखे नाहीत, पण मिळून एक चित्र उभे करतात. टिंकम यांनीच १९९७ साली दाखवले की असे एका प्रसंगाचे शब्द सोपे जातात.

कारखान्यावर जाताना

गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातल्या अनेक कुटुंबांना उचल घेतलेली असते. दिवाळीनंतर टोळी निघाली की लेकरूही कोयत्याबरोबर जाते, ते उन्हाळ्याच्या तोंडी परत येते. चार-पाच महिने शाळा सुटते आणि वर पाहिल्याप्रमाणे विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. शक्य असेल तर गावात हंगामी वसतिगृह सुरू होते का हे मुख्याध्यापकांना विचारा आणि लेकराला आजी-आजोबांजवळ ठेवा. तेही जमत नसेल तर निदान खोके बरोबर न्या. दप्तरापेक्षा ते हलके असते. कोपीवर नवे शब्द घालू नका, फक्त आहेत ते विचारत राहा. रात्री पाच मिनिटे मिळाली तरी चालतील. परत आल्यावर लेकरू जिथे होते तिथेच उभे असेल. मागे पडलेले नसेल, हीच त्या महिन्यांची कमाई.

या आठवड्याचा गृहपाठ

खोके करा. पुढील पाच शब्दांची कार्डे करा. स्पेलिंग पुस्तकातून किंवा सरांकडून घ्या.

'बॅग' म्हणजे पिशवी. द बॅग इज फुल. पिशवी भरलेली आहे.

'बाय' म्हणजे विकत घेणे. वी बाय ऑइल. आम्ही तेल विकत घेतो.

'वेट' म्हणजे वजन. व्हॉट इज द वेट? वजन किती आहे? थांबणे यालाही 'वेट' असाच उच्चार आहे, पण त्याचे स्पेलिंग वेगळे. तो शब्द महिनाभराने घ्या.

'कॉस्टली' म्हणजे महाग. टोमॅटोज आर कॉस्टली. टोमॅटो महाग आहेत.

'रिटर्न' म्हणजे परत येणे. वी रिटर्न ॲट सिक्स. आम्ही सहा वाजता परत येतो.

बाजाराच्या दिवशी लेकराला बरोबर न्या. पिशवी दाखवून विचारा, काटा दाखवून विचारा. रात्री खोके उघडा. पुढच्या बाजारी तेच पाच शब्द पुन्हा विचारा आणि किती आले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवा. पाचपैकी तीन आले तरी लेकराला शाबासकी द्या आणि उरलेले दोन पहिल्या कप्प्यात टाका.

पुढील आठवड्यात इंग्रजी शब्दांना पुढे-मागे जोडली जाणारी अक्षरे पाहू. आपण 'शांत'चे 'अशांत' करतो, 'पास'चे 'नापास' करतो, तशी इंग्रजीची रीत काय आहे, आणि एका शब्दावर चार शब्द कसे मिळवायचे, ते सांगेन. तोपर्यंत खोके रिकामे ठेवू नका.

जयभीम.